माझ्या पित्ताचं पथ्य

आमच्या घरात तूरडाळ बंद झाली ती माझ्यामुळे. शेंगदाणे, वांगं, हिरवी मिरची, आंबट ताक हेही एकेक करून गेलं, पण अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खरं दुःख झालं ते तूरडाळीचं. माणूस कोकणातला, आमसुलाच्या आमटीवर वाढलेला. त्यांच्या ताटात रोज मुगाचं गुळमुळीत वरण पडायला लागलं आणि ते त्यात भात कालवायला लागले. डोंबिवलीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. रविवारी शेजारच्या बिऱ्हाडातून लसणाच्या फोडणीचा वास आला की अण्णा "जरा पेपर वाचून येतो" म्हणून तिकडे जायचे आणि तासाभराने तृप्त चेहऱ्याने परत यायचे. आई काही विचारायची नाही. माझी मोठी बहीण, आमची ताई, मात्र सोडायची नाही. "काय अण्णा, आज अग्रलेख पातळ होता की घट्ट?" असं ती विचारायची, आणि अण्णा टॉवेलने मिशी पुसत गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

पित्त माझं होतं, पथ्य सगळ्या घराला. परीक्षेच्या दिवशी सकाळी मला उलटी व्हायची. आधी हात गार पडायचे, मग जीभ जड व्हायची, मग पोटात ढवळून यायचं आणि मी मोरीकडे धावायचे. सहामाही असो, वार्षिक असो, नाहीतर शाळेत नुसती कविता म्हणायला उभं केलेलं असो, क्रम ठरलेला. पहिल्यांदा झालं तेव्हा मी चौथीत होते. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिचं पित्त खवळलंय." झालं, बारसं झालं. मग मला कल्याणच्या एका वैद्यांकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सूतशेखरच्या गोळ्या दिल्या. आई परीक्षेच्या सकाळी ती गोळी छोट्या दगडी खलात मधाबरोबर उगाळायची. तो दगडावर दगड घासल्याचा आवाज अंथरुणात ऐकू आला की मला कळायचं, आज आपली परीक्षा आहे, आणि तेवढ्यानेच माझ्या पोटात ढवळायला लागायचं. औषधाच्या आवाजानेच रोग येतो हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

ताई आणि मी एकाच आईच्या पोटच्या, पण शोधून साम्य सापडायचं नाही. ताई परीक्षेच्या सकाळी घोरत असायची. पेन घरी विसरली तर वर्गात शेजारच्या मुलीचं घ्यायची, येत नसलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या मनाने तयार करायची आणि निकालाच्या दिवशी पन्नास टक्क्यांचा कागद पेढ्याच्या पुड्यासारखा मिरवायची. मी तीन पेनं न्यायचे, तिन्हींत शाई भरलेली आहे का ते दोनदा बघायचे आणि शाळेच्या फाटकापासून परत येऊन हॉलतिकीट दप्तरात आहे याची आईकडून खात्री करून घ्यायचे. मार्क माझेच जास्त असायचे, सुख तिच्याकडे जास्त असायचं. तिचा मला मनापासून राग यायचा, हे आज लिहायला हरकत नाही. आता तिची नात दहावीला आहे. ती सरळ मला फोन करून सांगते, "आजी, मला आज भयंकर अँग्झायटी आलीये," जसं काही पाहुणा आलाय. मला गंमत वाटते आणि हेवाही वाटतो. आमच्याकडे त्या पाहुण्याला खोट्या नावाने आत घ्यावं लागायचं.

खरं सांगायचं तर ते खोटं नाव मला फार सोयीचं होतं. पित्त असलेल्या मुलीला कुणी हसत नाही. तिला मोरावळा मिळतो, साळीच्या लाह्या मिळतात, नातेवाईक "बिचारी" म्हणतात. बारावी झाल्यावर ठाण्याच्या एका अध्यापक विद्यालयात मला डी.एड.ला प्रवेश मिळाला, तेव्हा पुस्तकांच्या आधी माझ्या पिशवीत सूतशेखरची बाटली गेली. तिथे मला एक गोष्ट मात्र मनापासून आवडली, ती म्हणजे पाठटाचण. वर्गावर जाऊन जो पाठ घ्यायचा, तो आधी वहीत सगळा लिहून काढायचा. डावीकडे शिक्षक कृती, उजवीकडे विद्यार्थी कृती. आधी प्रस्तावनेचे प्रश्न, मग हेतुकथन, म्हणजे "आज आपण अमुक शिकणार आहोत" हे वाक्य, मग पुढचं सगळं. विद्यार्थी काय उत्तर देतील तेही आपणच लिहायचं. माझ्यासारखीला आणखी काय पाहिजे? जगात पुढे काय होणार ते आदल्या दिवशी रेघा मारून ठरवता येतं म्हणजे स्वर्गच की. माझी टाचणं वर्गात सगळ्यांत सुंदर होती. मार्गदर्शक बाई ती इतरांना दाखवायच्या.

टाचणं सुंदर, पण पाठ कुठे होता? पहिला सराव पाठ मी अर्ध्यात सोडून बाहेर पळाले. दुसऱ्याच्या दिवशी कॉलेजपर्यंतही पोचले नाही, दिवा स्टेशनात उतरून उलट गाडीने घरी परत आले. तिसऱ्याला बाईंनीच मला वऱ्हांड्यात बसलेली बघून विचारलं, "काय गं, परत पित्त?" मी मान हलवली. शेजारी हिरा बसली होती. हिरा माझ्या बाकावरची मैत्रीण, बाळकुमच्या कोळीवाड्यातली. तिची आई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. बाई गेल्यावर हिराने माझा हात हातात घेतला, गार लागला तसा सोडला आणि म्हणाली, "पित्त नाय गो हे. तू भियालीस."

"मला लहानपणापासून पित्त आहे," मी म्हटलं.

"आमच्या आयला हाय ना पित्त. उन्हान बसते बाजारान, दुपारी डोकं धरते. तुजं पित्त काय घड्याल बघून येते? पाठ असला का येते, नसला का वडापाव खाते?"

मला इतका संताप आला की मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. कुणी मला आळशी म्हटलं असतं, खोटारडी म्हटलं असतं, तरी एवढं लागलं नसतं. भित्री हा शब्द मला कुणी आजवर लावला नव्हता, आणि मनात कुठेतरी माहीत होतं म्हणूनच तो एवढा झोंबला. पण हिरा मागे लागणाऱ्यातली नव्हती. ती रोज डबा उघडायची, सुक्या बोंबलाची चटणी माझ्या दिशेने सरकवायची, मी तोंड फिरवलं की स्वतः खायची. नवव्या दिवशी मीच विचारलं, "भ्यायलं तर काय करायचं?" तिने थोडा विचार केला. तिच्याकडे काही मोठं ज्ञान नव्हतं. ती म्हणाली, "माझा बा खाडीन जाते तवा पानी कुठं चढते, कुठं उतरते, ते आधी बघते. तूपन बघ. तुना तर लिवाची भारी हौस."

म्हणून मी लिहायला लागले. पाठटाचणाच्या डाव्या रकान्यात, शाईच्या अक्षरांच्या कडेला, बारीक पेन्सिलीने. पाठ झाला की लगेच टिपायचं: इथे हात गार. इथे जीभ जड. इथे ढवळलं. इथे थांबलं. दोन-तीन पाठ कसेबसे झाले, मग आणखी दोन झाले, आणि त्या टिपणांत मला एक भलतीच गोष्ट दिसली. ढवळणं वर्गाच्या दारापासून सुरू व्हायचं, पहिला प्रश्न विचारेपर्यंत चढत जायचं आणि पहिलं पोर तोंड उघडून काही बोललं की उतरायला लागायचं. उत्तर बरोबर असो की चूक. एकदा मी विचारलं होतं, आपल्याला ऊन कोण देतं, आणि एक मुलगा म्हणाला होता, "बाई, आमच्यात पत्रा काढलाय म्हणून येतं." त्या दिवशी तर मी हेतुकथनाच्या आधीच ठणठणीत झाले होते. माझ्या भीतीला शेवट असतो आणि तो कुठे असतो ते मला आता दाखवता येत होतं. घरी मात्र मी यातलं काही बोलले नाही. आई खल घासत राहिली, मी गोळी चाटत राहिले.

मग आला अंतिम पाठ. त्याला बाहेरून परीक्षक यायचे. तो बुडला किंवा फसला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर पुढे काय ते घरात ठरलेलं होतं. अण्णा कडक नव्हते, पण आत्याने एक स्थळ आणून ठेवलं होतं, आणि "पास झाली तर नोकरी, नाही तर मग बघू" असं अण्णा दोनदा म्हणाले होते. त्या "बघू"चा अर्थ मला चांगला कळत होता. मला मास्तरीणच व्हायचं होतं. दुसरं काही होण्याची कल्पनासुद्धा मी कधी केली नव्हती.

माझा पाठ लागला बाळकुममधल्या पालिकेच्या शाळेत, चौथीवर. आज तिथे इमारतींमुळे आकाश दिसत नाही, तेव्हा वर्गाच्या खिडकीतून मोकळी जमीन आणि तिच्यापलीकडे खाडीचा चिखल दिसायचा. घटक होता बाष्पीभवन. पहिला प्रश्न: ओले कपडे दोरीवर टाकल्यास काय होते? अपेक्षित उत्तर: वाळतात. परीक्षक बाई उंच, पांढऱ्या साडीतल्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. नियमाप्रमाणे मी टाचणाची वही त्यांच्या हातात दिली, फळ्याकडे वळले आणि खडू उचलला तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी ही वही चांगल्या अक्षरात नव्याने लिहून काढली होती खरी, पण सवयीने आदल्या संध्याकाळी तिच्यातही पेन्सिल चालवली होती. पहिल्या प्रश्नाशेजारी लिहिलं होतं: इथे ढवळेल. ढवळू दे. पहिलं पोर बोललं की थांबेल. सकाळी खोडरबराने खोडायचं होतं. ते राहिलं होतं.

आता मागून ती वही परत मागणं शक्य नव्हतं. मी विषयाचं नाव फळ्यावर लिहिलं, वळले आणि प्रश्न विचारला. वर्ग चिडीचूप. मी पुन्हा विचारला. चाळीस पोरं माझ्याकडे बघतच नव्हती, ती मान वाकडी करून मागे बसलेल्या पांढऱ्या साडीकडे बघत होती. त्यांना त्यांच्या गुरुजींनी सांगून ठेवलं असणार, मोठ्या बाई येणार आहेत, वेड्यासारखं काही बोलू नका. म्हणून कुणीच बोलत नव्हतं. पाणी चढत होतं आणि ते उतरायची जी एकच जागा मला माहीत होती, ती येतच नव्हती. माझ्या हातातला खडू ओला झाला. दार उजव्या हाताला होतं, उघडं होतं. मी दाराकडे बघितलं हे मी नाकारणार नाही.

पहिल्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिने स्वतःच्या फ्रॉकची कड मुठीत इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. ती मूठ मला ओळखीची वाटली. मी तिला विचारलं, "घाबरलीस काय?" हा प्रश्न टाचणात नव्हता. तिने हो म्हणून मान हलवली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी पण घाबरलेय. माझ्या पोटात ढवळतंय."

सगळ्या चाळीस माना एकदम माझ्याकडे वळल्या. आपल्या कानांनी आपलं हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेही परीक्षकांसमोर. कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसले. ती वेण्यांची मुलगी काळजीने म्हणाली, "मंग आता वो बाई?"

"आता कुणीतरी एकाने बोलायचं. काहीही बोला. म्हणजे माझं थांबेल."

मागून एक मुलगा उभा राहिला. "बाई, कपडे सुकतान. पन वारा सुटला का खाडीन जातान." पुन्हा हशा. दुसरा म्हणाला, त्याच्या आजाच्या मिठागरात पाणी सुकतं आणि मीठ राहतं, ते पण तेच काय? तेच रे बाबा, तेच, मी म्हटलं. मीठ का राहिलं आणि पाणी कुठे गेलं, यावर त्यांच्यात भांडण लागलं. माझं पोट कधी शांत झालं ते मला टिपायचंसुद्धा सुचलं नाही. घंटा झाली तेव्हा मूल्यमापनाचे दोन प्रश्न राहून गेले होते.

पाठ संपल्यावर परीक्षक बाईंनी मला वऱ्हांड्यात बोलावलं. वही उघडीच होती आणि त्यांचं बोट नेमकं त्या पेन्सिलीवर होतं. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बाई, मला भीती वाटते. कुठे वाटते ते लिहून ठेवते." दुसऱ्यांदा म्हणायला तेवढं जड गेलं नाही. त्या म्हणाल्या, "टाचणात पाठाखेरीज दुसरा मजकूर चालत नाही. खोडून आणा, मग सही करते." हिराचा पाठही त्याच शाळेत लागला होता, मी तिच्याकडून खोडरबर आणलं आणि त्यांच्यासमोर उभ्याउभ्या सगळं खोडलं. त्यांनी सही केली, शेरा लिहिला: वेळेचे नियोजन सुधारावे. वर्गाचा प्रतिसाद उत्तम. मी पास होते. त्या बाईंना माझ्याबद्दल काय वाटलं ते मला कधीच कळलं नाही. पुढे तीस वर्षं मी शिकवलं आणि परीक्षेच्या दिवशी पोट धरून उभी राहिलेली पोरं पाहिली की मला त्यांची आठवण यायची. त्या गोड बोलल्या नाहीत, पण त्यांनी मला खोडायला वेळ दिला.

घरी आले तेव्हा आई एकटीच स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. ताई तिच्या सासरी, अण्णा ऑफिसात. मी पास झाल्याचं सांगितलं. तिने पिठाच्या हातानेच माझा चेहरा धरला. मला इतका आनंद झाला होता की मी सगळंच सांगत सुटले. हिरा काय म्हणाली, पेन्सिल, मिठागर, आणि हेही की मला पित्त कधी नव्हतंच, मी घाबरते, आणि ते मी भर वर्गात बोलून दाखवलं.

आईचे हात खाली आले. "परीक्षकांसमोर?" तिने विचारलं. "त्यांच्यासमोर तू म्हणालीस, मी घाबरते म्हणून?"

"हो. पण आई, ते पित्त नाहीच आहे..."

"मला माहितीये," आई म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माहितीये."

मी चिडले. दहा वर्षं ती गोळी, ते वैद्य, अण्णांच्या तोंडची आमटी काढून घेतली ती कशाला? आईने पोळी तव्यावर टाकली. "नुसतं म्हणून चालतं का? घरात सगळ्यांनी पथ्य पाळलं तरच लोकांना खरं वाटतं. तुलासुद्धा वाटलंच ना? पित्ताला औषध असतं विजू. पित्त झालेल्या मुलीला उद्या परत शाळेत पाठवतात."

आणि मग तव्याकडे बघतच तिने मला सांगितलं. तिची सातवीची फायनल होती. ती पास झाली की त्या काळी शिक्षिकेची नोकरी मिळायची. तालुक्याच्या गावी परीक्षेला नेलं होतं. शाळेच्या पायरीवरच तिला उलटी झाली, एकदा नाही, तीनदा. तिला काय होतंय ते मास्तरांनी विचारलं आणि तिने खरं ते सांगून टाकलं, मला भीती वाटते. मास्तर तिच्या वडिलांना म्हणाले, मुलगी भित्री आहे, हिला पुढे शिकवण्यात अर्थ नाही. बैलगाडीतून तिला घरी आणलं. ती परत शाळेत गेलीच नाही. हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. अण्णांनाही माहीत नसावं.

पोळी करपली. तिने ती तशीच काढून बाजूला ठेवली. मी तिच्या खांद्याला धरून उभी होते आणि मला रडू येत होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला काहीतरी विचारायचं होतं.

"तू 'मी घाबरलेय' म्हणालीस, त्यावर पोरांनी काय केलं?"

"हसली."

"मग?"

"मग उत्तरं द्यायला लागली."

"आणि त्या बाई?"

"त्यांनी सही केली."

आईने नवी पोळी लाटायला घेतली. अर्धी लाटून लाटणं थांबलं.

"आमचे मास्तर नुसते हसले असते ना," ती म्हणाली, "तरी मी बसले असते गं परीक्षेला."